मधला कोण?

जिमी हेंड्रिक्सच्या त्रिकुटाचा ‘अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह’ हा अल्बम १ डिसेंबर १९६७ला इंग्लंडमध्ये निघाला. त्याच्या कव्हरवर विष्णूचं विश्वरूप आहे. अनेक मुखं, अनेक हात, आणि मधोमध, देवाचा चेहरा असायला हवा तिथे, हेंड्रिक्स. सोबत नोएल रेडिंग आणि मिच मिचेल. कार्ल फेरिसच्या फोटोवरून रॉजर लॉने हे चेहरे रंगवले, आणि त्याने व डेव्हिड किंगने मिळून ते एका छापील भारतीय तसबिरीवर बसवले.

बंगळुरूत रॉकचं वेड जुनं आहे. २००७मध्ये आयर्न मेडन पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले, त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या घरांत एलपी जपल्या जात होत्या. तशीच एक मला मिळाली आणि कव्हर फ्रेम करून मी मल्लेश्वरमच्या घरात लावलं. सांगलीहून आलेल्या आईने पहिल्याच सकाळी त्याला उदबत्ती ओवाळली. मग चष्मा लावून जवळ गेली.

“मधला कोण रे हा?”

“गिटार वाजवायचा. अमेरिकेतला.”

“त्याला विचारून बसवलाय का तिथं?”

देवाचा अपमान झाला का, हे ती विचारेल असं मला वाटलं होतं. मलेशियाच्या सरकारने २०१४मध्ये त्याच कारणाने या कव्हरवर बंदी घातली होती. आईला काळजी माणसाची होती, आणि ती रास्त होती. हेंड्रिक्सला हे कव्हर पसंत नव्हतं. त्याच्या घरात चेरोकी पूर्वजांचा वारसा सांगितला जाई. ‘इंडियन’ म्हणून काही दाखवायचंच तर ते अमेरिकेतल्या मूलनिवाशांचं असावं, असं त्याचं म्हणणं होतं. एका शब्दाच्या दोन अर्थांत तो भलत्याच देशात जाऊन बसला.

तसबिरीच्या मूळ चित्रकारालाही कोणी विचारलं नसणार. पण बाजारातल्या तसबिरींची रीतच तशी. राजा रविवर्म्याने १८९४मध्ये जर्मन यंत्रं आणून मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. अशा छापखान्यांमुळे देव स्वस्त झाले. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही भिंतीवर ते आले. जो देव कोणीही चार पैशांत घरी न्यावा म्हणून छापला, तो लंडनच्या चित्रकारांनीही नेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चेहरा मात्र चार पैशांत मिळत नाही. तो ज्याचा, त्याला विचारावं लागतं.

गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन भेदरतो, आणि नेहमीच्या रूपात ये म्हणून देवाची विनवणी करतो. देव ऐकतो. हेंड्रिक्सचं मागणंही तेवढंच होतं. तो १९७०मध्ये गेला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. कव्हर तेच राहिलं.