धूळ उडवायची की ओढून घ्यायची

तुमसरात संसार केलेल्या बाईला धुळीचे प्रकार न सांगता ओळखता येतात. डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या खाणींकडून मँगनीजचे ट्रक गेले की खिडकीच्या जाळीवर काळपट थर धरतो. उन्हाळ्यात रस्त्याची माती येते, ती जड असते, पुसली की जाते. पण कापणी झाली, धानाचे पुंजणे मोडून चुरणी, म्हणजे मळणी, सुरू झाली आणि धान मिलवर येऊ लागलं की जी धूळ घरात शिरते तिच्याशी गाठ वेगळीच. पिवळसर, हलकी आणि टोचरी. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तुसाचा असतो आणि त्या तुसात सिलिका भरलेली असते. तूस गिरणीत फुटतं, उष्णा तांदळासाठी भट्टीत जळतं, आणि त्याचा बारीक अंश हवेत राहतो. आमच्या गल्लीत दिवाळीची सफाई जेमतेम महिनाभर टिकते.

माझ्या सासूबाईंना, मी त्यांना आईच म्हणायचे, दमा होता. मी बहारी हातात घेतली की त्या पदर नाकाला लावून मागच्या ओसरीवर जाऊन बसायच्या. "तू आटोप बाई, मले दम लागते," एवढंच म्हणायच्या. खोली झाडून झाली, फरशी चकचकीत दिसू लागली, तरी त्या लगेच आत येत नसत, आणि त्यांचं बरोबर होतं. कोरड्या झाडण्याने जाड कचरा दाराबाहेर जातो. बारीक धूळ मात्र उठते, बराच वेळ तरंगत राहते आणि आपण स्वयंपाकघरात वळलो की पुन्हा पलंगावर, फळीवरच्या पितळी भांड्यांवर, आईंच्या उशीवर येऊन बसते. फरशी ओल्या फडक्याने पुसून घेता येते. गादी कशी पुसणार? नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांच्या खोलीत कोरडं झाडणं बंद करा. ते सांगणं पाळायचं कसं, हा प्रश्न आमच्या घरात व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आला.

यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं होतं ते भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला, आयुध निर्माणीच्या वसाहतीत, भावाच्या क्वार्टरमध्ये. टाय बांधलेला एक तरुण विक्रेता आला होता. युरेका फोर्ब्सने १९८२ साली घरोघर जाऊन विकण्याची ही पद्धत आपल्याकडे सुरू केली आणि मग मध्यमवर्गीय वस्त्यांमध्ये ही टायवाली मुलं ओळखीची झाली. त्याने नळीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून धरलं, वहिनीने त्याच सकाळी झटकलेल्या गादीवरून ते फिरवलं आणि कापड उलटं करून दाखवलं. मधोमध राखाडी गोल उमटला होता. वहिनीचा चेहरा उतरला, पण मला त्या गोलात आईंचा खोकला दिसला.

पुढे या यंत्राची गोष्ट वाचली तेव्हा कळलं की हे कापड फार जुनं आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने धूळ फुंकून उडवणारं यंत्र पाहिलं आणि त्याच्या मनात आलं की फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये. त्याने खुर्चीच्या बैठकीवर रुमाल टाकला, त्यावर तोंड लावून जोरात श्वास ओढला, आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला. त्याचं पहिलं यंत्र घोडागाडीवरून दारात यायचं आणि लांब नळ्या खिडकीतून आत सोडल्या जायच्या. ते हातात मावेल एवढं केलं अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या जेम्स मरे स्पँगलरने. तो एका दुकानात सफाई कामगार होता आणि त्याला दमा होता. गालिचे साफ करताना उडणाऱ्या धुळीने जीव घाबरा व्हायचा म्हणून त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडला. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. मग हूवर कुटुंबाने ते विकत घेतलं आणि जगभर त्यांचं नाव झालं. श्रीमंतांच्या चैनीची वस्तू म्हणून आपल्याकडे जिच्याकडे बघतात, ती एका दमेकरी झाडूवाल्याने स्वतःच्या छातीसाठी बनवली होती. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आमच्या घरातही ते यंत्र त्याच कामासाठी आलं.

आता खोक्याबद्दल. कोणाकडेही जा, यंत्र असतं, लांब दांडी असते, खाली फरशीचा रुंद ब्रश असतो. बाकीची तोंडं खोक्यात घालून माळ्यावर टाकलेली असतात. माझ्या अनुभवाने सांगते, फरशीचा ब्रश हे यंत्राचं सगळ्यांत कमी महत्त्वाचं अंग. फरशी पुसण्याने होते. खरं काम माळ्यावरच्या त्या तोंडांचं.

गादीसाठी रुंद, आखूड, केस नसलेलं तोंड असतं. आमच्याकडच्या गाद्या कापसाच्या, पिंजाऱ्याकडून भरलेल्या. त्यांच्यावर हे तोंड झपाझप फिरवून काही होत नाही. एका पट्ट्यावर सावकाश न्यायचं, सावकाश मागे आणायचं, शिवणीपाशी थांबायचं. गादीत धुळीबरोबर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे असतात. ते आपल्या त्वचेच्या गळलेल्या कणांवर जगतात आणि दमेकऱ्याला त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा. यंत्राने ती विष्ठा आणि ते कण बरेच निघतात. किडे मात्र धाग्यांना धरून राहतात, म्हणून अभ्रे-चादरी कडक गरम पाण्यात धुणं आणि गाद्यांना ऊन देणं सुटत नाही. यंत्र घेतलं म्हणून ऊन बंद केलं, असं करू नये.

चपटं, निमुळतं तोंड माझं सगळ्यांत आवडतं. तांदळाच्या लाकडी पेटीच्या सांध्यांत सोंडे दडून बसतात. पेटी रिकामी करून कितीही पुसली तरी नवा तांदूळ भरला की पंधरवड्यात ते वर येतात. हे तोंड सांध्यावर टेकवून हळूहळू नेलं की नळीतून बारीक टकटक ऐकू येते. ते सोंडे जात असतात. लगेच पिशवी बाहेर नेऊन रिकामी करायची, नाहीतर रात्रीतून ते पुन्हा बाहेर येतात. दिवाणाच्या कडा, सरकत्या खिडकीच्या पट्ट्या, भिंत आणि कपाट यांच्यामधली फट, सगळीकडे हेच तोंड. गोल केसाळ ब्रश पंख्याच्या पात्यांना. खाली पलंगावर काही न पडता पंखा साफ होतो, हे आईंनी पाहिलं तेव्हा त्या पहिल्यांदा खोलीत बसून राहिल्या.

पण ज्या पिशवीत धूळ साठते तिने ती धरूनही ठेवली पाहिजे. आमच्या पहिल्या यंत्राला कापडी पिशवी होती. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप येते, तिच्यात मी यंत्राची मागची हवा सोडून पाहिली. बारीक कण नाचताना स्पष्ट दिसले. म्हणजे पुढून ओढलेलं थोडंफार मागून परत येत होतं. तेव्हापासून यंत्र खोलीत आणि त्याची पाठ दाराकडे, अशी माझी रीत झाली. नंतरच्या यंत्राला हेपा गाळणी आहे. ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडवणारी गाळणी म्हणजे हेपा. पण गाळणीभोवतीचं रबर नीट बसलेलं नसेल तर हवा बाजूने निसटते आणि त्या आकड्याला अर्थ राहत नाही. उन्हाच्या तिरिपीत कोणीही हे तपासू शकतं. मोटर किती वॅटची, हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात. तो आकडा यंत्र किती वीज खातं हे सांगतो, धूळ किती ओढतं हे नाही.

तुसाची धूळ गाळणी फार लवकर बुजवते. गाळणी बुजली की आवाज चढतो. मोटर जोरात काम करतेय असं पुष्कळांना वाटतं, पण हवा येत नसल्याने ती मोकळी भरधाव फिरत असते आणि साध्या यंत्रात त्याच हवेने ती थंड व्हायची असते. आवाज चढला की बटण बंद, ही सवय हाताला लागली पाहिजे.

आमचं दुसरं यंत्र कोरडं-ओलं दोन्ही ओढणारं. त्याची खरी परीक्षा झाली २०२० साली. ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं आणि वैनगंगा भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरली. नणंदेचं घर नदीच्या अंगाला आहे. पाणी ओसरल्याचा फोन आला आणि आम्ही यंत्र, बादल्या, वायपर, फिनाईल गाडीत टाकून निघालो. त्या घरात पाऊल ठेवलं तेव्हा चपलांवर गाळ चढला. भिंतींवर कमरेच्या वर पाण्याची रेघ होती. गाळाला वास होता. नणंद काही न बोलता दारात उभी होती.

पहिल्यांदा वायरमनला बोलावलं. भिजलेल्या बोर्डात यंत्राची पिन घालायचा प्रश्नच नव्हता; त्याने वरच्या मजल्यावरचं कोरडं कनेक्शन तपासून दिलं, तिथून वायर खाली आणली, तीही पाण्यात न टेकवता. जाड गाळ फावड्याने आणि वायपरने काढला, ते काम यंत्राचं नाही. नंतर मात्र फरशीवर जो पातळ राप उरतो, पुसलं की पसरतो आणि वाळला की पुन्हा धूळ होतो, तो यंत्राने ओढला. कागदी आणि कापडी गाळणी काढून ठेवायची, स्पंजाची टोपी चढवायची, आणि रबरी पट्टीचं ओलं तोंड लावायचं. टाकीतलं पाणी भरत आलं की आतला तरंगता गोळा वर येऊन वाट बंद करतो, आवाज एकदम बदलतो. टाकी रिकामी करायची, पुन्हा सुरू. दारांच्या चौकटी, फरशीचे सांधे, लोखंडी कपाटाचा तळ, शिलाई मशीनची पेटी. चपट्या तोंडाने तिथून निघालेलं पाणी चहासारखं होतं. मग नळी हवा बाहेर पडणाऱ्या भोकाला जोडली आणि फटी फुंकून वाळवल्या. फुंकण्याचा मला पटलेला उपयोग तेवढाच. शेजारच्या ताईंनी संध्याकाळी विचारलं, "आमच्याकडे पण एकदा लावता का?" यंत्र तिथेच ठेवून आम्ही परतलो. ते घरोघर फिरून, टाकीला ओरखडे पडून परत आलं आणि आजही चालतं.

काही ठिकाणी ते नेऊ नये, हेही सांगितलं पाहिजे. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी खोल्या अजून शेणाने सारवतात. त्या जमिनीवर यंत्र लावलं तर सारवणच सुटून येतं. तिथे पाणी शिंपडून केरसुणी फिरवणं हीच योग्य रीत, आणि ती धूळ उडू देत नाही. मुलीकडे पुण्याला आपोआप फिरणारं चपटं यंत्र आहे. सपाट फरशीच्या फ्लॅटमध्ये ते रोजचं काम छान करतं, पण आमच्या उंच उंबरठ्यांपाशी त्याचा उपयोग नाही, आणि गादीवर तर नाहीच.

सगळ्यांत जास्त मनस्ताप झाला तो सुट्या भागांचा. पहिल्या यंत्राचं मॉडेल कंपनीने बंद केलं आणि पिशव्या मिळेनाशा झाल्या. नागपुरात दुकानं पालथी घातली. शेवटी शिंप्याकडून शिवून घेतली, तर पातळ कापडातून धूळ सुटायची आणि जाड कापडाने ओढ मरायची. मोटर उत्तम असलेलं यंत्र पिशवीपायी अडगळीत गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. मोटरचं काम मात्र इथेच होतं. पंप आणि मिक्सरच्या वाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या आमच्या मिस्त्रींनी यंत्र उघडून दोन काळे तुकडे तळहातावर ठेवले. "मोटर नाही गेली, कार्बन झिजले." नवे बसवले, यंत्र सुरू. नळी मुठीपाशी चिरते, कारण तिथेच ती रोज वाकते; चिकटपट्टी आठवड्यात सुटते, त्यापेक्षा सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून चढवला की हवा निसटत नाही. हीसुद्धा त्याच मिस्त्रींची युक्ती.

आई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. त्यांचा दमा यंत्राने बरा झाला नाही, तसा तो होतही नाही. औषधं शेवटपर्यंत चालू होती. पण चुरणीच्या दिवसांत खोली साफ होताना त्यांना ओसरीवर थंडीत बसावं लागलं नाही.

धानाच्या या पट्ट्यात ज्यांच्या घरी दमेकरी माणूस किंवा लहान मूल आहे, त्यांनी हे यंत्र चैन समजू नये. घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला वॅट विचारण्याआधी पिशवी, गाळणी आणि नळी सुटी काढून दाखवायला सांगा, आणि ती जिल्ह्यात कुठे मिळते ते विचारा; उत्तर मिळालं नाही तर ते मॉडेल घेऊ नका. आणि ज्यांच्या घरी यंत्र आधीच आहे, त्यांनी येत्या चुरणीच्या आधी माळ्यावरचं खोकं खाली काढावं.