मनीचा खाऊ

संध्याकाळी धार काढायला बसलं की मनी गोठ्याच्या दारात येऊन बसायची. आई होती तोवर चरवीतलं पहिलं दूध तिच्या मातीच्या परळात पडायचं. आई गेली, परळ राहिला आणि तो भरायचं काम माझ्याकडं आलं.

गेल्या पावसाळ्यात मनी खंगायला लागली. तोंडातनं लाळ गळायची. घास एका बाजूनं चावायची आणि मधेच टाकून द्यायची. पोट तर सारखंच बिघडलेलं. कणगीखाली उंदीर नाचायचे, पण हिला त्याचं काही नाही. बारा वर्षांची मांजर, वय झालं, असं मी धरून चाललो. खात नाही तर निदान पीत तरी राहू दे, म्हणून उलट दूध वाढवलं.

शेजारी म्हणाला, "अर्धी पॅरासिटामॉल चुरून घाल की. दात दुखत असंल." गोळी मी हातात घेतलीसुद्धा. तेवढ्यात कारभारीण म्हणाली, "आवं, डॉक्टरला इचारल्याबिगर नगा घालू काय."

डालग्यात घालून तालुक्याला नेली. गोळीचं ऐकून जनावरांचे डॉक्टर दचकलेच. "काका, माणसाची ती गोळी मांजराला विष. अर्धीनंही जीव जातो." तोंड उघडून दाखवलं. मागच्या दोन दाढा किडलेल्या, हिरड्या लालभडक. मग विचारलं, "दूध किती देता?"

"वाटीभर, दोन्ही वेळा. घरच्या म्हशीचं," मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"तेच बंद करा. पिल्लाला दूध पचतं. वाढलेल्या बऱ्याच मांजरांना त्यातली साखर पचत नाही, मग पोट बिघडतं."

मी खाली मान घालून विचारलं, "मग लाडाचं द्यायचं तरी काय? सुकट?"

"त्यात मीठ फार."

"कालवणातला तुकडा?"

"कांदा-लसणानं मांजराचं रक्त बिघडतं. शिजलेलं हाडही नको, त्याच्या काचा होतात. बिनमिठाचं चिकन उकडून, बारीक तोडून, त्याच्याच पाण्यात मऊ करून चिमूटभर द्या. नवीन जिन्नस एका वेळी एकच, आणि चार दिवस शी बघायची. खाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शावर जाऊ द्यायचा नाही."

गुंगी देऊन दाढा काढल्या. महिन्याभरात अंगावर मांस धरलं. आता घरात चिकन आणलं की सूनबाई मसाला लावायच्या आधी मूठभर वेगळं काढून उकडते.

मनी अजून धारेच्या वेळी येते. चरवीकडं बघून ओरडते. हात आपोआप परळाकडं जातो, तो मी मागं घेतो आणि चिकनची चिमूट तिच्यापुढं टाकतो.

आईचे दात गेले तेव्हा तिला भाकरी कुस्करून द्यायला मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिच्या मांजराचं तोंड मात्र मी एकदाही उघडून बघितलं नव्हतं.