कारण सापडत नाही तेव्हा



साधारण तीन वर्षांतून एकदा, सामान्य काळातील सहाव्या रविवारी, मिस्सेत दोन वाचने एकमेकांसमोर येतात. पहिले लेवीयच्या १३ व्या अध्यायातले. अंगावर डाग किंवा सूज दिसली तर माणसाला याजकाकडे न्यावे, असे त्यात सांगितले आहे. दुसरे संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातले, जिथे येशू कुष्ठरोग्याला हात लावतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही वाचने आम्ही अनेकदा शिकवली आहेत. यंदाच्या पावसाळ्यात आमच्या तीन वर्षांच्या लेकीच्या अंगावर पुरळ उठले आणि आम्ही दोघांनी ती नव्याने वाचली.

मिस्सेत लेवीयच्या ओळी थोड्याच येतात. अख्खा अध्याय घरी सावकाश वाचून पाहा. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ आज डॉक्टर ज्याला कुष्ठरोग म्हणतात तेवढाच नाही. तोच शब्द तिथे कपड्यावरच्या डागाला वापरला आहे आणि पुढच्या अध्यायात घराच्या भिंतीलाही. श्रावणातल्या सुरतेत ज्याच्या भिंतीला ओल येते त्याला हे लगेच कळेल! पण आम्ही थांबलो ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. याजक त्या माणसाला लगेच दोषी ठरवत नाही. तो डाग पाहतो. खात्री नसेल तर सात दिवस थांबतो, पुन्हा पाहतो. तरी कळले नाही तर आणखी सात दिवस. घाईने निकाल देण्याची त्याला मुभाच नाही.

आमच्याकडे मात्र निकाल पहिल्याच दिवशी आले. पुरळ म्हणजे लालसर, उंच, खाजणाऱ्या गांधी. सकाळी पाठीवर, दुपारी मांडीवर, रात्री गालावर. शेजारच्या काकूंनी सांगितले, हा तर डाइंग मिलच्या हवेचा परिणाम. दुसऱ्या एका बेननी शीतळा मातेचे नाव घेतले, कारण शीतळा सातम जवळ आली होती. नगरहून आत्याचा फोन आला, की मोतमाउलीला मेणाचे हात-पाय बोला. सासूबाईंनी पित्त म्हणून आमसुले भिजत घातली. औषधाच्या दुकानात तर न विचारताच एक ट्यूब पुढे आली. सगळ्यांच्या बोलण्यात माया होती, हे आम्ही जाणतो. पण प्रत्येक सल्ल्यामागे एक प्रश्नही होता, आणि तो घरातल्या आईकडे पाहूनच विचारला जायचा: “तिला काय खायला दिलंत?”

ती ट्यूब आम्ही घेतली नाही. त्याचे कारण सर्व पालकांना सांगावेसे वाटते. अशा बऱ्याच मलमांत तीव्र स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक एकत्र मिसळलेले असते. दोन दिवसांत लाली उतरते, म्हणून माणूस खूश होतो. पण कातडी पातळ होते, नायटा असेल तर तो आतून पसरत राहतो आणि पुढे डॉक्टरांना मूळ रोग ओळखणे अवघड जाते. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेला लावायची १४ स्टिरॉइडे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी मागितली तर मिळतात. लहान मुलांची त्वचा पातळ असते, औषध लवकर आत शोषले जाते. त्यांच्यासाठी तर ‘शेजारच्याला लागू पडलेली ट्यूब’ नकोच.

मुलांच्या डॉक्टरांनी आधी ताप, डोळे आणि घसा पाहिला. मग काचेचा पेला पुरळावर दाबून पाहायला सांगितले. लाली दाबाखाली फिकी होत होती. त्या म्हणाल्या, हे चांगले लक्षण. ताप आहे आणि लाल-जांभळे ठिपके काचेखालीही तसेच राहतात, असे झाले तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठायचे. नंतर त्यांनी बॉलपेनने एका गांधीभोवती गोल आखला आणि सांगितले, “उद्या हा गोल पाहा.” दुसऱ्या दिवशी गोल रिकामा होता आणि नवी गांध भलतीकडे उठली होती. यावरूनच त्यांनी ओळखले, की हा अंगावर पित्त उठण्याचा प्रकार आहे. तो संसर्गजन्य नाही. मुलांमध्ये तो पुष्कळदा एखाद्या विषाणूच्या तापानंतर येतो आणि बहुतेक वेळा नेमके कारण सापडतच नाही. खाज शमवणारे सरबतासारखे औषध, गार पाण्याची पट्टी, सैल सुती कपडे आणि थांबणे, एवढाच उपचार. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला किंवा सारख्या उलट्या होऊ लागल्या, तर मात्र ताबडतोब रुग्णालय.

“थांबा” हा शब्द आई-बापांना किती जड जातो! आम्हाला एखादे नाव हवे होते, एखादी तपासणी हवी होती, दोष ठेवायला काहीतरी हवे होते. डॉक्टरांनी एक वही करायला सांगितली. रोजची तारीख, खाणे, ताप, पुरळाचा फोटो. पाच आठवडे आम्ही ती वही लिहिली. अंड्याचे दिवस पाहिले, साबणाचे पाहिले, पावसाचे पाहिले. काहीच जुळले नाही. रात्री ती खाजवून रडायची, तेव्हा तिचे हात धरून जपमाळ म्हणताना कितीदा मधेच शब्द तुटायचे. तीही प्रार्थनाच होती, असे आता वाटते.

त्या दिवसांत योहानच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय फार आधार देऊन गेला. जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आई-बापांचे? येशू दोन्ही नाकारतो. मागे वळून कारण शोधण्याऐवजी तो शिष्यांचे लक्ष देव आता काय करणार आहे याकडे वळवतो. ज्या घरात मूल आजारी आहे त्या घरात जाताना आपण कोणता प्रश्न घेऊन जातो, हे आपण सर्वांनी तपासून पाहावे.

एका रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात लहान मुले हात धरून गोल करत होती. लेकीच्या मनगटावर गांधी होत्या. शेजारच्या मुलाला त्याच्या आईने हळूच दुसऱ्या बाजूला घेतले. त्या माउलीला आम्ही दोष देत नाही. पुरळाची भीती खोटी नसते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली होती, तेव्हा बालके दगावली. ताप, खोकला, लाल डोळे आणि मग कानामागून, चेहऱ्यावरून उतरणारे पुरळ असेल, तर मुलाला घरीच ठेवून डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. गोवर-रुबेलाची लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत सरकारी केंद्रांत मोफत मिळते. ती कोणाची राहिली असेल तर याच आठवड्यात चौकशी करा.

पण आमच्या लेकीला यातले काय कळणार? तिने हात फ्रॉकमागे लपवले. तेवढ्यात वसईकडच्या एक आजी, ज्या वर्गाला फुले आणून देतात, गोलात येऊन मांडी घालून बसल्या. “आण गं तुझा हात,” म्हणाल्या. गाणे संपेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

मार्कने सांगितलेल्या प्रसंगातला क्रम पाहा. येशू आधी हात पुढे करतो, स्पर्श करतो, आणि मग शुद्ध हो असे म्हणतो. बरा झाल्यावर जवळ घेईन, असे तो म्हणत नाही. आणि त्याच माणसाला तो पुढे याजकाकडे पाठवतो, म्हणजे तपासणीचा मानही राखतो. स्पर्श आणि तपासणी, दोन्ही त्याच्या एकाच करुणेत बसतात.

सहाव्या आठवड्यात गांधी विरळ झाल्या आणि मग उठायच्याच थांबल्या. लोक विचारतात, औषधाने की प्रार्थनेने? सिराकच्या पुस्तकाचा ३८ वा अध्याय वाचा. आजारपणात देवाची प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याची जागा द्यावी, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, असा तिथला बोध आहे. कारण मात्र आम्हाला आजही ठाऊक नाही. वहीतले ते पान कोरेच आहे.

या आठवड्यात आपल्या धर्मग्रामात कोणाचे मूल आजारी असेल तर जरूर भेटायला जा. उपाय सांगण्याआधी थोडा वेळ नुसते बसा. आईला झोप मिळते का, ते विचारा. जमले तर डबा न्या.

हे प्रभू येशू, ज्या आई-बापांना आज उत्तर मिळालेले नाही, त्यांच्याजवळ राहा. डॉक्टरांच्या नजरेला धीर दे. आणि आमचा हात मागे जाईल, तेव्हा तूच तो पुढे कर. आमेन.