विकास आराखड्यातील एक शब्द

मुंबईचा विकास आराखडा म्हणजे रंगीत नकाशे, असे मी बरीच वर्षे समजत होतो. गिरणगावाने तो समज खोडून काढला.

१९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आराखड्याची साधारण वीस वर्षांनी फेरतपासणी करावी लागते. १९९१ च्या फेरतपासणीबरोबर नवी विकास नियंत्रण नियमावली आली. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या थंडावल्या होत्या. ५८ व्या नियमाने त्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले : एक मालकाला, एक उद्याने-मैदानांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला.

२००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. आता वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, केवळ ‘मोकळ्या’ जमिनीची. गिरण्यांची आवारे तर इमारतींनी व्यापलेली! शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला येणारी जमीन कमालीची आक्रसली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

लोअर परळच्या काचेच्या मनोऱ्यांखालून चालताना न झालेली मैदाने मला आठवतात. म्हणूनच २०१६ साली पुढच्या आराखड्याचा सुधारित मसुदा हरकती-सूचनांसाठी आला, तेव्हा मी नकाशे बाजूला सारून आधी नियमावली उघडली.