छोट्या वाघिणींचा रंग निवडताना

उतारवयात एखादा छंद असावा, असे आपण सारेच एकमेकांना सांगत असतो. परंतु छंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वाचन, भजन, बागकाम किंवा फार तर शब्दकोडी येतात. ज्या छंदाला वास येतो, ज्याचे डाग टेबलावर पडतात आणि ज्यासाठी भर थंडीत खिडकी उघडी ठेवावी लागते, असा छंद घरातील आजोबांनी धरला की कुटुंबाची पंचाईत होते. अशा एका पंचाइतीत सल्ला देण्याचा प्रसंग माझ्यावर आला. त्यातून जे हाती लागले ते आपणांस उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच. संबंधित कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

हे गृहस्थ ७४ वर्षांचे. मालगाड्यांच्या डब्यांची तपासणी करण्यात त्यांचे सारे नोकरीचे आयुष्य गेले. मालडब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात; 'वॅगन' या इंग्रजी शब्दाने आपल्या जिभेवर घेतलेले हे रूप. निवृत्तीनंतर ते प्लॅस्टिकचे पातळ पत्रे कापून या वाघिणींच्या प्रतिकृती करू लागले. प्रमाण एकास ८७. कोळसा वाहणारी उघडी 'बॉक्सएन' वाघीण प्रत्यक्षात सुमारे पावणेअकरा मीटर लांब असते. यांच्या टेबलावर ती जेमतेम १२ सेंटिमीटरची होते. पुण्यात कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या कामातील बारकाव्याची कल्पना येईल.

गृहस्थांना फुप्फुसांचा जुना विकार आहे, ज्याला आपण सीओपीडी म्हणतो. एका हिवाळ्यात दम वाढून त्यांना आठ दिवस रुग्णालयात राहावे लागले. घरी परतले तेव्हा मुलाने रंगांचे सारे डबे बांधून माळ्यावर टाकले होते. त्याचा हेतू काळजीचाच होता. पण पुढच्या तीन महिन्यांत वडिलांचे वजन चार किलोंनी घटले, दुपारभर झोप आणि रात्री जाग सुरू झाली, बोलणे कमी झाले. तपासण्यांत नवे काही सापडेना. सून म्हणाली, "डॉक्टर, हल्ली गाडीची शिटी ऐकू आली तरी बाबा खिडकीशी जात नाहीत." त्यांना स्वतःला विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अकरा वाघिणी रंगाविना उभ्या आहेत."

त्यांच्या छातीच्या तज्ज्ञांशी मी बोललो, आणि मुलाला व सुनेला समोर बसवून प्रश्न नव्याने मांडला: यांनी रंगवावे की नाही ते बाजूला ठेवू, यांच्या श्वासाला, डोळ्यांना आणि हातांना कोणता रंग मानवेल ते पाहू.

पहिला विचार श्वासाचा

आपल्या घरांत 'ऑइल पेंट' म्हणून जो ओळखला जातो, त्या इनॅमल रंगाला पातळ करण्यासाठी आणि कुंचला धुण्यासाठी टर्पेंटाइन किंवा थिनर लागतो. रंग वाळतो म्हणजे त्यातील द्रावक हवेत उडतो आणि आपण तो श्वासावाटे घेतो. निरोगी माणसालाही बंद खोलीत त्याने डोके दुखते, गरगरते; दमेकऱ्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णाच्या श्वासनलिका त्याने आवळू शकतात. शिवाय इनॅमल सुकायला कित्येक तास लागतात, तोवर वास खोलीत राहतो.

याला पर्याय म्हणजे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग. पातळ थर अर्ध्या तासाच्या आत हाताला कोरडा लागतो आणि कुंचला साध्या पाण्याने धुता येतो. प्लॅस्टिकवर हा रंग धरत नाही, अशी तक्रार जुने छांदिष्ट करतात. त्यावर उपाय सोपा आहे: वाघीण आधी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी, पाण्यातलाच प्रायमर लावावा आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्यावेत.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली, पाण्यातला रंगही फवारून मारला तर त्याचे सूक्ष्म तुषार छातीत जातात. म्हणून श्वासाच्या रुग्णाने फवारणी टाळून कुंचलाच वापरावा. डबाबंद स्प्रेमध्ये तर द्रावकही असतो. दुसरी, एन-९५ मुखपट्टी धूळ आणि तुषार अडवते, द्रावकाची वाफ अडवीत नाही. मुखपट्टी लावून बंद खोलीत ऑइल पेंट लावणे ही खोटी सुरक्षितता होय. घरात कुणाला प्राणवायूचे यंत्र लावलेले असेल, किंवा जवळ समई अथवा निरांजन तेवत असेल, तर थिनरची बाटली त्या खोलीत उघडूच नये.

गेरू आणि शेंदूर

वाघिणींचा परिचित रंग कोणता? आमच्या गृहस्थांच्या नोकरीच्या काळात व्हॅक्युम ब्रेकच्या जुन्या वाघिणी साधारणतः तांबूस-तपकिरी असत आणि एअर ब्रेकच्या नव्या वाघिणी ऑलिव्ह हिरव्या. तांबूस रंगाला ते 'रेड ऑक्साइड' म्हणतात. हा लोहाचा गंज, म्हणजेच अंगणात आणि कुंड्यांना आपण लावतो त्या गेरूचा सख्खा भाऊ. लोखंडावर गंजरोधक म्हणून पूर्वी लागणारा नारिंगी-लाल 'रेड लेड' मात्र वेगळा. तो शिशाचा, म्हणजे शेंदराच्या कुळातला. डब्यात पाहता दोघे एकमेकांचे नातलग वाटतात, पण एक लोहाचा आणि दुसरा विषारी शिशाचा. चमकदार पिवळ्या आणि नारिंगी रंगांत, तसेच पिवळ्यात निळा मिसळून केलेल्या जुन्या हिरव्या रंगांतही शिशाचे क्रोमेट वापरले जात असे.

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएम, म्हणजे दशलक्ष भागांत ९० भाग, अशी मर्यादा आहे. हा नियम २०१६ मध्ये जाहीर होऊन नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक रंग त्याच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून आपण तीन गोष्टी कराव्यात. माळ्यावरचे २०१७ पूर्वीचे डबे छंदासाठी वापरू नयेत. कारखान्यातून किंवा यार्डातून 'अस्सल रंग' म्हणून कुणी आणून दिलेला डबा घरात ठेवू नये. आणि जुनी रंगवलेली खेळणी किंवा पत्र्याच्या गाड्या कोरड्या पॉलिश पेपरने घासू नयेत. त्या धुळीतले शिसे आजोबांच्या हातांवरून नातवंडांच्या तोंडात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते अत्यल्प प्रमाणातही अपाय करते. ॲक्रिलिक रंग घेतानाही बाटलीवर 'शिसेविरहित' असा उल्लेख पाहून घ्यावा. काम झाले की हात साबणाने धुवावेत. टर्पेंटाइनने किंवा रॉकेलने हात पुसण्याची सवय ज्येष्ठांच्या कोरड्या त्वचेला भेगा पाडते.

दुसरा विचार डोळ्यांचा

आमच्या गृहस्थांनी ॲक्रिलिक हिरवा मिसळून पहिली वाघीण रंगवली. नातू म्हणाला, "आजोबा, ही तर काळी दिसते." आजोबांना ती नीट हिरवी दिसत होती. घरात थोडी वादावादी झाली आणि दोघे प्रतिकृती घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांना एक पांढरा कागद दिला आणि एकेक डोळा झाकून पाहायला सांगितले. उजव्या डोळ्याला कागद पांढरा, डाव्याला चहा सांडल्यासारखा दिसला.

वाढत्या वयाबरोबर डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते. ते निळ्या छटांचा प्रकाश अडवते. त्यामुळे गडद निळा, गडद हिरवा आणि काळा यांतील भेद अवघड होतो. बदल इतका सावकाश होतो की ज्याचा त्याला तो कळत नाही. क्लोद मोने या विख्यात फ्रेंच चित्रकारालाही मोतीबिंदूने असेच गाठले होते. रंगांच्या नळ्यांवरील नावे वाचून तो रंग ओळखीत असे, आणि अखेर १९२३ मध्ये त्याने उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. आमच्या गृहस्थांचीही डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर आपल्याच जुन्या वाघिणी पाहून ते कितीतरी वेळ गप्प होते. मग त्यांनी त्या पुन्हा रंगवल्या. एक मात्र तशीच ठेवली.

म्हणून रंगाची निवड दिवसाच्या उजेडात, खिडकीशी करावी. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. तेव्हा पिवळ्या दिव्याऐवजी स्वच्छ पांढऱ्या प्रकाशाचा टेबलदिवा घ्यावा, उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी तो डावीकडे ठेवावा. रंग आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून, वाळल्यावर पाहावा. एक गंमत ध्यानात ठेवावी: मोठ्या वाघिणीचा हुबेहूब रंग छोटीवर अधिक गडद भासतो, म्हणून थोडा पांढरा किंवा राखाडी मिसळावा. चकचकीत रंगापेक्षा मॅट रंग निवडावा. ऊन-धूळ खाल्लेली वाघीण चकाकत नाही, आणि चकाकीवरून परतणारा प्रकाश मोतीबिंदूच्या डोळ्याला त्रासही देतो.

मात्र रंग ओळखण्यात अचानक फरक पडला, एका डोळ्याला लाल रंग फिका दिसू लागला, किंवा क्षयरोगाच्या उपचारात इथॅम्ब्युटॉल चालू असताना लाल-हिरव्यात गोंधळ होऊ लागला, तर थांबू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे.

तिसरा विचार हातांचा

हात थरथरतो म्हणून छंद सोडणारे पुष्कळ आहेत. आधी थरथर केव्हा वाढते ते पाहावे. श्वास मोकळा करणारा सालब्युटामॉलचा पंप घेतल्यावर काही काळ हात कापतात. त्यामुळे बारीक अक्षरांचे काम त्यानंतर तासाभराने करावे, पंप मात्र चुकवू नये. मधुमेहींनी जेवणाची वेळ टाळून रंगवत बसू नये. घाम येऊन हात थरथरू लागले तर ती रक्तातील साखर उतरल्याची खूण असू शकते, तेव्हा कुंचला ठेवून आधी साखर घ्यावी. कडक चहानेही थरथर वाढते. दोन्ही कोपरे टेबलावर टेकवावीत आणि कुंचल्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड करावा. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी

आपण ज्यांची काळजी घेतो त्यांना विस्मरणाचा विकार असेल, तर थिनर, टर्पेंटाइन किंवा रॉकेल घरात नसलेलेच बरे. असल्यास पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. चुकून पोटात गेल्यास उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसात उतरून गंभीर सूज आणते. रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. रंग धुण्याचा पेला चहाच्या पेल्यापेक्षा निराळ्या रंगाचा आणि आकाराचा असावा.

आमच्या गृहस्थांचा सीओपीडी बरा झालेला नाही आणि होणारही नाही. थंडीच्या ऐन दिवसांत त्यांचे काम आठवडेच्या आठवडे बंद असते. परंतु घटलेल्या चार किलोंपैकी तीन भरून आले आहेत, दुपारची झोप तासाभरावर आली आहे, आणि अकरापैकी नऊ वाघिणी रंगून तयार आहेत. मुलगा आता रंगांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरे त्यांना वाचून दाखवतो. छटा कोणती, हे मात्र वडील ठरवतात. त्यात इतर कुणी बोलत नाही.

आपल्या घरातील ज्येष्ठांची कितीतरी निवड वयाबरोबर इतरांच्या हाती जाते: काय खावे, केव्हा झोपावे, कोणत्या डॉक्टरकडे जावे. त्यातील काही आवश्यकच असते. पण धोका वस्तूत आहे की वापरण्याच्या रीतीत, हे तपासल्याशिवाय कोणताही डबा माळ्यावर टाकू नये. आधी त्यावरचे लेबल वाचावे, शंका असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि मग तो डबा ज्यांचा आहे, त्यांना विचारावे.