मिसूरीतील उन्हाळा, किल्लारीची वाट

अमेरिकेस जाऊन आलेल्या आपल्या मंडळींच्या प्रवासवर्णनांत न्यूयॉर्क, नायगारा आणि डिस्नेलँड ही त्रिस्थळी यात्रा ठरलेली असते. मिसूरी राज्यातील कोलंबिया हे गाव त्यात सहसा नसते. सेंट लुईस आणि कॅन्सस सिटी या दोन शहरांच्या साधारण मध्यावर, ७० क्रमांकाच्या महामार्गालगत वसलेले हे सव्वा लाख वस्तीचे विद्यापीठाचे गाव. पाहण्यासारखे म्हणाल, तर विद्यापीठाच्या हिरवळीवर ओळीने उभे असलेले सहा दगडी खांब. ९ जानेवारी १८९२ रोजी मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली आणि हे खांब तेवढे उरले. ते पाडून टाकण्याचे घाटत होते. गावकऱ्यांनी ते होऊ दिले नाही. आमच्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यातील बत्तीस खांबी मला तेथे आठवली, आणि आपल्या खांबांना अशी हिरवळ नाही याचे थोडे वाईटही वाटले.

आम्ही उभयता तेथे गेलो ते खांब पाहण्यासाठी नव्हे. चिरंजीव सेंट लुईसला नोकरीस आहेत आणि माझी पुतणी, धाकट्या बंधूंची मुलगी, कोलंबियाच्या विद्यापीठात वृत्तछायाचित्रणाचे शिक्षण घेत होती. १९०८ साली वॉल्टर विल्यम्स यांनी स्थापन केलेले तेथील पत्रकारिता महाविद्यालय स्वतःस जगातील पहिले म्हणवते. पत्रकारिता वर्गात बसून येत नाही, हे त्या गृहस्थांनी प्रथमपासूनच ओळखले होते. म्हणून त्याच वर्षी त्यांनी ‘मिसूरियन’ नावाचे खरेखुरे दैनिकही काढले. हे विद्यार्थ्यांचे भित्तिपत्रक नव्हे, तर गावाचे वृत्तपत्र आहे. संपादक अनुभवी प्राध्यापक, बातमीदार आणि छायाचित्रकार विद्यार्थी. नगर परिषदेची सभा, शेतकऱ्यांचा बाजार, वादळाने उन्मळलेली झाडे हे सारे विद्यार्थी टिपतात आणि गाव ते वाचते. पुतणीने उन्हाळ्याचे दोन महिने या दैनिकात काम केले.

घरातील वडीलधाऱ्यांना या व्यवसायाची काळजी होती, हे मी लपवीत नाही. ‘मुलीने कॅमेरा घेऊन गर्दीत हिंडायचे?’ असा प्रश्न दबक्या आवाजात अनेकदा विचारला गेला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर बँकेतला माणूस. मला त्या कलेतले काही कळत नाही. परंतु तिच्या कामाची रीत जवळून पाहिली, तेव्हा ती मला फार ओळखीची वाटली.

जुलैमध्ये त्या जिल्ह्याची जत्रा भरते. शेतकऱ्यांची मुले आपापली वासरे, शेळ्या धुऊनपुसून स्पर्धेसाठी आणतात. वासराच्या मानेवर डोके टेकून झोपी गेलेल्या एका दहाबारा वर्षांच्या मुलाचे छायाचित्र पुतणीने घेतले. चित्र सुरेख होते. तरी संपादकांनी ते अडवून धरले, कारण मुलाच्या नावात एक अक्षर आहे की नाही याची तिला खात्री देता येईना. पुन्हा वीस मैल जाऊन, मुलाच्या आईकडून नाव लिहून घेऊन ती परतली, तेव्हा चित्र छापले गेले. चित्राखालच्या ओळीत नाव, वय, गाव आणि तो माणूस काय करीत आहे, हे असलेच पाहिजे. याशिवाय त्या दैनिकाची आणखी एक प्रथा आहे. बातमी छापण्यापूर्वी ज्याच्याविषयी ती आहे त्याला दूरध्वनी करून त्यातील नावे, आकडे आणि तपशील वाचून दाखवतात व दुरुस्ती असल्यास करतात. बँकेत एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने तपासून सही करावी, ही शिस्त आम्ही पाळली. येथे तर ज्याची नोंद त्यालाच तपासायला देतात!

क्लिफ एडम नावाच्या प्राध्यापकांनी १९४९ मध्ये तेथे एक छायाचित्रण कार्यशाळा सुरू केली. ती दरवर्षी मिसूरीतील एखाद्या लहान गावी भरते. पुतणी तिच्याविषयी भरभरून बोलत असे. छायाचित्रकाराने आधी माणसांशी बोलायचे, त्यांच्या घरी बसायचे आणि मग कॅमेरा काढायचा. कोणालाही ‘असे उभे राहा’ म्हणायचे नाही. ठरलेल्या संख्येपलीकडे छायाचित्रे घ्यायची नाहीत. मोबाईलवर एका लग्नात हजार छायाचित्रे घेणाऱ्या आपल्या पिढीला हा संयम मानवणारा नाही.

यावरून मला आपली वृत्तपत्रे आठवली. सत्कार समारंभाच्या चित्राखाली डावीकडून उजवीकडे सगळ्या मान्यवरांची नावे, पदांसहित छापलेली असतात. विड्या वळणाऱ्या किंवा मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या चित्राखाली मात्र ‘विडी कामगार महिला’ नाहीतर ‘एक यंत्रमाग कामगार’ एवढेच असते. सोलापूरकरांनी हे रोज पाहिले आहे आणि कोणाला त्यात काही खटकत नाही.

राज्याच्या ऐतिहासिक संस्थेचे मुख्यालय कोलंबियातच आहे आणि तेथे मिसूरीतील जुनी वृत्तपत्रे सूक्ष्मफितींवर जपून ठेवलेली आहेत. एका दुपारी पुतणीने मला तेथे नेऊन १९९३ च्या जुलैमधील अंक दाखवले. त्या उन्हाळ्यात मिसिसिपी आणि मिसूरी या दोन्ही नद्यांना अतोनात पूर आला होता. हार्डिन नावाच्या खेड्यातील दफनभूमी पुराने वाहून नेली आणि ७०० हून अधिक शवपेट्या शेतांत, झाडीत जाऊन पडल्या. पुढे कित्येक महिने नातेवाइकांकडून अंगठी, चष्मा, कपडे यांच्या खुणा विचारून कोण कोणाचे हे ठरवण्याचा प्रयत्न चालला. साऱ्यांची ओळख पटली नाही.

१९९३ हे साल वाचून मी थबकलो. पुतणी म्हणाली, “काका, तुम्ही त्याच वर्षी किल्लारीच्या भागात होतात ना? कधी काही सांगितलं नाहीत.”

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास तो भूकंप झाला. गणेश विसर्जन करून गावे नुकतीच निजली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड धाबे, अशी ती घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. जखमींना आणणाऱ्या वाहनांची रीघ सोलापूरच्या रुग्णालयांपर्यंत लागली होती. काही आठवड्यांनी मृत खातेदारांच्या ठेवी वारसांना देण्याच्या कामावर मला त्या भागातील एका शाखेत पाठवण्यात आले. रकमा लहान असत, कोणाचे चारशे, कोणाचे अकराशे रुपये. एके दिवशी एक वृद्ध शेतकरी आले. पैशांविषयी त्यांनी काहीच विचारले नाही. “सुनबाईचा फोटो असंल का सायेब तुमच्या कागदात?” एवढेच त्यांनी विचारले. नातवंडाला आई दाखवायची होती. नव्या खात्यांना छायाचित्र सक्तीचे झाले ते १९९४ पासून. त्या बाईंच्या अर्जावर डाव्या अंगठ्याचा ठसा तेवढा होता. मी तो त्यांना दाखवला. त्यांनी आपले बोट त्यावर हलकेच ठेवले आणि ते गेले.

पुतणीने मला सांगितले, की मुंबईचे छायाचित्रकार स्वपन पारेख यांना किल्लारी भूकंपाच्या छायाचित्रासाठी १९९४ साली वर्ल्ड प्रेस फोटो या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळाले. त्यांचे शिक्षण न्यूयॉर्कमधील छायाचित्रण संस्थेतले. वडील किशोर पारेख त्यांच्याही आधी कॅलिफोर्नियात शिकून आले, दिल्लीत ‘हिंदुस्थान टाइम्स’चे छायाचित्रकार झाले आणि १९७१ मध्ये कोणी न पाठवता स्वतःहून बांगलादेशात गेले. परदेशी शिकून आपल्याच माणसांच्या दुःखाकडे कॅमेरा वळवणाऱ्यांची ही वाट जुनी आहे. तरीही माझ्या मनात राहून राहून येत होते, की ज्या गावांची छायाचित्रे जगभर छापली गेली, तेथील कित्येक घरांत आपल्या माणसाचे एकही छायाचित्र उरले नव्हते.

डिसेंबरमध्ये पुतणी सोलापूरला आली आणि आम्ही दोघे गाडीने किल्लारीस निघालो. नळदुर्गपर्यंत ओळखीचा हैदराबाद रस्ता. पुढे उमरग्याहून उत्तरेकडे वळलो, की दोहों बाजूंना काळी जमीन, तूर आणि ऊस. जुन्या गावाच्या जागी स्मारक आहे आणि झाडोऱ्यात घरांच्या जोत्यांचे दगड अजून दिसतात. नवे गाव आखीव आहे, रस्ते रुंद, घरे एकमेकांपासून सुटी. तेथे जुन्या गल्लीतला शेजार काही जमला नाही, असे दोघातिघांनी सांगितले.

एका घराच्या ओट्यावर सत्तरीच्या एक बाई तुरीच्या शेंगा सोलीत बसल्या होत्या. पुतणीने कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि शेजारी बसून तीही शेंगा सोलू लागली. अर्धा तास गेला. मग तिने वही काढली.

“नाव कशाला लिवायलीस, माय?” बाईंनी विचारले.

“फोटोखाली तुमचं नाव पाहिजे ना, आजी.”

त्यांनी आपले नाव सांगितले, मग नवऱ्याचे, मग थांबत थांबत घरातल्या एकेकाचे. त्या रात्री त्या माहेरी गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. छायाचित्र एकट्या त्यांचे होणार होते. वहीत नावे मात्र आठ झाली. पुतणीने मिसूरीत शिकल्याप्रमाणे सगळी नावे मोठ्याने वाचून दाखवली. बाईंनी एका दिराचे नाव दुरुस्त केले, ते तिने खोडून नीट लिहिले.

“अन् एक लेकरू ऱ्हायलं,” बाई म्हणाल्या. “जावंची पोर. नऊ दिवसांची व्हती. तिचं बारसं व्हायचं व्हतं.”

पुतणीने माझ्याकडे पाहिले. मग वहीत नवव्या क्रमांकावर तिने लिहिले, ‘मुलगी, वय ९ दिवस’, आणि तेही वाचून दाखवले. बाईंनी मान हलवली आणि शेंगांचे सूप बाजूला सारून पदर सावरला.

“आता काढ,” त्या म्हणाल्या.