मागचा शहाणा

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण पायी चालणाऱ्यांनीच केलेली असणार. पायवाटेने एकामागोमाग निघालेली माणसं, बहुधा अनवाणी, डोक्यावर ओझं. पुढच्याच्या अंगठ्याला दगड लागतो, तो कळवळतो आणि मागचा तेवढ्या जागी पाय उचलून टाकतो. म्हणीला एवढं चित्र पुरतं. मला मात्र त्यात न सांगितलेल्या गोष्टीच छळत राहतात. दोघांतलं अंतर हाकेच्या टप्प्यातलं हवं, नाहीतर ते कळवळणं मागे पोचायचं नाही. वाट एकच हवी. मागच्याने पुढच्याकडे लक्ष ठेवलेलं हवं. आणि एवढं सगळं जुळून आलं तरी दगड जिथल्या तिथेच. एक लंगडत पुढे जातो, दुसरा शहाणा होऊन पुढे जातो, तिसऱ्याचं काय झालं ते म्हण सांगत नाही.

कुसूरच्या पठारावर मी पुढे होतो आणि मित्र मागे. पण मी पायी होतो, तो गाडीत. अवघड जागा आली की एकाने उतरून पुढे जायचं, दगडांची ठेवण पाहायची आणि तोंड गाडीकडे करून उलट चालत हातांनी खुणा करायच्या: डावीकडे घे, थोडं अजून, थांब, सोड. चालवणाऱ्याला बॉनेटच्या लगेच पुढची जमीन दिसत नसते. त्याने फक्त खुणेच्या हातावर विश्वास ठेवायचा. म्हणजे शहाणपण पुढच्याकडे आणि ठेच मागच्या गाडीला. म्हण अशी पाठमोरी झालेली पाहिल्यापासून ती डोक्यातून जात नाही.

वाट आंदर मावळातली. कान्हे फाट्यावरून आत वळलं की टाकवे, मग ठोकळवाडी धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने खांडीपर्यंत. धरण १९२२ सालचं. त्याचं पाणी बोगद्यातून खाली भिवपुरीला नेतात आणि तिथे वीज होते. पाण्याने कोकणात उतरायला सुरुवात केली त्याच्या कितीतरी आधीपासून माणसं आणि लमाणांचे बैल शेजारच्या कुसूर घाटाने चढत-उतरत होते. घाटात ठिकठिकाणी फरसबंदी अजून आहे. आम्हाला घाट उतरायचा नव्हता. पठारावरून कड्यापर्यंत जाऊन परत यायचं होतं.

डांबर संपलं तिथे मित्राने गाडी थांबवली आणि चारही चाकांची हवा उतरवली. तीसच्या वर होती ती वीसच्या आसपास आणली. टायर जरा बसके होतात, जमिनीची जास्त जागा धरतात, धोंड्यांवरून घसरण्याऐवजी त्यांना कवटाळून जातात. मग फोर लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गियर. लो टाकलं की वेग अडीचपटीने पडतो आणि चाकांचा जोर तेवढाच वाढतो. उतारावर पहिल्या गियरमध्ये ब्रेकवरचा पाय काढून घ्यायचा, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. स्टिअरिंगच्या आत अंगठा अडकवायचा नाही. चाक दगडावर आदळलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं आणि अंगठा मोडू शकतो. हे सगळं त्याने मला किती जिव्हाळ्याने सांगितलं! असल्या गाड्या म्हणजे धुरळा, आरडाओरडा आणि मस्ती असं ज्यांना वाटतं त्यांनी त्याला चालवताना पाहावं. तो चालणाऱ्या माणसाहूनही सावकाश जातो. दगडाशी येऊन थांबतो, खाली उतरतो, दगडाला हात लावून तो हलतो का ते बघतो. शहरात ज्याला अर्धं मिनिट सिग्नलला थांबवत नाही अशा माणसाला मी तिथे एका चढापाशी बराच वेळ नुसतं उभं राहिलेलं पाहिलं. डोंगराकडे इतक्या बारकाईने मी ट्रेकला जाऊनही कधी पाहिलं नव्हतं.

पठाराच्या मध्यावर एक पाणथळ जागा आहे. पाऊस संपून महिना होऊन गेला होता, तरी तिथे चिखल होता. तिथे पोचेपर्यंत वाट म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताचा पट्टा. चिखलापाशी मात्र दोनाच्या चार झालेल्या, चाराच्या आठ. कोणी तरी पहिला त्यात रुतला असणार. मागच्याने ते पाहिलं आणि बाजूने गाडी काढली. त्या बाजूचाही चिखल झाल्यावर त्याच्या मागच्याने आणखी बाजूने काढली. वाट तिथे पंख्यासारखी उघडत गेली होती, आणि पलीकडे सगळ्या चाकोऱ्या पुन्हा एक झाल्या होत्या. म्हणजे तिथून गेलेला प्रत्येक मागचा शहाणाच होता. पठाराची जी दुर्दशा झाली होती ती त्या शहाणपणामुळे.

सह्याद्रीच्या पठारांवर माती किती असते? कातळावर कुठे वीतभर, कुठे बोटभर. पावसाळ्यात त्या मातीवरून पाण्याचा पातळ थर सरकत असतो आणि त्याच्या भरवशावर सीतेची आसवं उगवतात. नायट्रोजनला वखवखलेली ही एवढीशी झाडं पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून पोट भरतात. पुढे सोनकी येते आणि पठारं पिवळी होतात. टायरने माती दाबली की ते पाणी पसरायचं सोडून चाकोरीतून वाहू लागतं. चाकोरी ओहळ होते आणि वरची माती घेऊन जाते. पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांतल्या कासला पुढे कुंपण, तिकीट, पहारा सगळं झालं. कुसूरला कुंपण नाही, आणि असावं का, हेही मला ठरवता येत नाही. कारण त्या चाकोऱ्या एकट्या हौशी लोकांच्या नाहीत. वाड्यावस्त्यांचं दूध, शाळेची पोरं, दवाखान्यात न्यायची बाळंतीण, सगळं ह्याच वाटांनी जुन्या जीपमधून जातं. आम्ही जिला रस्त्याबाहेरची वाट समजून गेलो, तो त्यांचा रस्ता आहे.

चिखलाच्या अलीकडे गुरं घेऊन एक धनगर उभे होते. त्यांनी आम्हाला हाताने दाखवलं, इकडून काढा, इथे खाली कातळ आहे. मित्र म्हणाला, "मामा, बरं झालं भेटलात." ते गाडीच्या पुढे थोडं चालले आणि मग गुरांमागे निघून गेले.

तेव्हापासून शिंग्रोबा मनात येतो. बोरघाटात, खोपोलीकडे उतरताना, त्याचं देऊळ आहे. लहानपणी एस.टी. तिथे आली की ड्रायव्हर गाडी हळू करायचा आणि खिडक्यांतून नाणी पडायची. आई मुठीत नाणं द्यायची, ते वेळेवर टाकता आलं नाही तर मला रडू यायचं. गोष्ट अशी सांगतात: इंग्रजांच्या इंजिनिअरांना घाट उतरायची वाट सापडेना. शिंग्रोबा धनगर रोज गुरांमागे तिथून जायचा, त्याने ती दाखवली. बक्षीस काय हवं म्हणून विचारलं तर म्हणाला, आमचं राज्य आम्हाला परत द्या. त्याला गोळी घातली. कोणी म्हणतं हे सडकेच्या वेळचं, कोणी म्हणतं रेल्वेच्या. सडक १८३० ची, घाटातली रेल्वे १८६३ ची. मधली तेहेतीस वर्षं गोष्ट सहज ओलांडते. रेल्वेचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला, पुढचं काम त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने तडीस नेलं. पटकीने किती मजूर गेले! ते सगळेच पुढचे. त्यांच्यातल्या एका धनगराला लोकांनी देव केलं, आणि तेही कागदोपत्री नसलेल्याला. मला हे फार मोठं वाटतं. ज्याला ठेच लागली त्याला लोक नाणी टाकतात, शहाणपणाची परतफेड म्हणून. की देणं लागतो हे माहीत असलं आणि कोणाचं ते माहीत नसलं की माणसं देऊळ बांधतात? शिंग्रोबाने वाट दाखवली ती गुरांच्या पायांनी पडलेली. मग पुढचा तो, की गुरं? आणि त्या वाटेला आज द्रुतगती मार्गापर्यंत जे रूप आलं, ते त्याला हवं होतं का, असं त्याला विचारणार तरी कोण? कुसूरच्या त्या मामांनाही आम्ही विचारलं नाही की आम्ही इथून जावं का. आम्ही एवढंच विचारलं की कुठून जावं.

मित्राचं म्हणणं साधं आणि नेमकं आहे. चिखल आला तर चिखलातूनच जायचं, बाजूने कधीही नाही. रुतलो तर दोरीने ओढून काढायचं. वाट रुंद होता कामा नये. जबाबदारीने चालवणारे सगळे हेच पाळतात, आणि मला तो बरोबर वाटतो. पण सगळेच चिखलातून गेले तर चाकोरी खोल होत जाणार, आणि दुधाच्या जुन्या जीपला ना फोर लो ना बसके टायर. ती अडकली की दुसऱ्या दिवशी बाजूनेच जाणार, तिला जावंच लागेल. मग आमचा नियम पाळून आम्ही फक्त वाट रुंद करायचं काम तिच्याकडे सोपवलं, असं होत नाही का?

हे मी त्याला सांगितलं. आपण गाडी पठाराच्या कडेला ठेवून पुढे चालत जाऊ, असंही म्हटलं. तो जरा विचार करून म्हणाला, "चालायचंच असेल तर खांडीपासूनच चाल ना. गाडी तिथपर्यंत तरी कशाला?" पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा जायचं घाटतंय आणि मी अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही. खांडीपासून चालत जाणं काही अवघड नाही, पूर्वी अशा वाटांनी चाललोही आहे. पण मला त्या चढावर गाडीपुढे उलट चालत, हात वर करून, त्याला दगडादगडाने वर आणायचं आहे, आणि ह्या इच्छेला पठाराकडून कुठली परवानगी मागावी ते मला समजत नाही.